माझ्या कुंडीतलं मीठ

मित्रांनो, मी कुंडीतला एक जुना पाम आहे. जुना म्हणजे फार नाही, पण कुंडीतल्या झाडाचं आयुष्य ते केवढं! माझा जन्म रामवाडीच्या एका नर्सरीत, हिरव्या जाळीच्या सावलीत झाला. तिथून मला नमिताने आणलं. तिचं सासर धरमतरच्या खाडीकडे. घरासमोर नुसती मिठागरं, हिरवं म्हणून काही नाही. मला ओटीवर ठेवून ती म्हणाली, "आता कसं घर वाटतं!" मी फुगलो. कौतुक कुणाला नको असतं?

घरात चौघं होती. नमिता, कंपनीत शिफ्टला जाणारा तिचा नवरा प्रवीण, सासू धोंडुबाई आणि सासरे जगनबाबा. जगनबाबांचा सगळा जन्म मिठागरात गेलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "नारल कवा धरंल यो?"

"बाबा, हा शोभेचा पाम हाय," नमिता हसून म्हणाली. बाबांना ते पटलं नाही. आमच्याकडे माड लावताना खड्ड्यात मीठ घालतात. बाबांनीही चिमूटभर मीठ माझ्या मुळाशी टाकलं आणि मला मायेने थोपटलं. पावसाळ्याचे दिवस होते, म्हणून सोसलं.

पुढच्या वैशाखात जगनबाबा मिठागरावर भर उन्हात कोसळले, ते उठलेच नाहीत.

तेरावं झालं आणि त्यानंतरच्या एका दुपारी ते सुरू झालं. ऊन असं की कावळासुद्धा ओरडत नव्हता. ओटीवर कोणी नव्हतं. तेवढ्यात पायऱ्या चढून दोन ओले पाय वर आले. चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, पण हात मी ओळखला. भेगाळलेला, पांढरट. कुंडीवर मूठ उघडली आणि मीठ सांडलं. मग त्याच हाताने मला थोपटलं. हात थंडगार होता. त्या उन्हात मला तो गारवा बरा वाटला, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

मग रोज तेच. पावलांचं पाणी वाळलं की लादीवर पांढरे ठसे उरायचे. खाडीचा खारा वारा, असं म्हणून नमिता ते पुसून टाकायची. माझ्या मातीवरही पांढरी साय धरू लागली. पानांची टोकं करपली, देठ पिवळे पडले. कुंडी ओली आणि मी मात्र तहानेने व्याकूळ! नमिता बिचारी आणखी पाणी घालायची. प्रवीण म्हणाला, "टाकून दे गो, मेला हाय त्यो."

एका सकाळी नमिताने ती साय बोटावर घेतली आणि जिभेला लावली. "आई, हे मीठ हाय! कुंडीत मीठ कोण टाकतंय?"

धोंडुबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुजा सासरा. रोज बारा वाजता येतो. माती हलवू नको गो. मीठ हाय तवर त्यो हाय."

नमिताचा चेहरा उतरला. माझा जीव त्या दोघींच्या मध्ये टांगलेला. नमिता हळूच म्हणाली, "पण आई, हा मेला तर बाबा कोणाकडं येतील?"

सूप बाजूला ठेवून धोंडुबाई ओटीवर येऊन बसली. बारा वाजले. ओले पाय वर आले. मूठ उघडणार, तोच तिने आपले दोन्ही तळवे कुंडीवर पसरले. सगळं मीठ तिच्या हातांवर पडलं.

"आवं, यो माड नाय," ती म्हणाली. "ह्याला मीठ नाय सोसत. पोरीनं हौसेनं आनलाय. लय खपलाव तुमी. आता जावा."

हात तसाच थांबला. मग त्याने थोपटलं. मला नाही, तिला. आणि पाय पायऱ्या उतरून गेले.

त्याच दिवशी नमिताने मला कुंडीतून काढलं. उन्हाळ्यात आमच्याकडे गोड्या पाण्याचे हाल. तरी माझी मुळं धुवायला धोंडुबाईने आपला हंडा पुढे केला. डोंगराकडची लाल माती, शेणखत आणि नारळाच्या सोडणाचा भुसा घालून मला पुन्हा लावलं. करपलेली पानं कापली. मागच्या पडवीत सावलीला ठेवलं. नमिता बोट मातीत खुपसून बघायची, आणि कोरडं लागलं तरच पाणी घालायची. एके दिवशी माझ्या मधोमध मिटलेला पोपटी कोंब वर आला. नमिता तर नाचलीच!

मित्रांनो, माया करायची तर ज्याच्यावर करायची त्याला काय सोसतं ते आधी बघा. झाडाला तोंड नाही, पण मातीत बोट घातलंत तर ती सांगते. जगनबाबांची माया खोटी नव्हती. त्या मायेने मी मरणार होतो, एवढंच.

ते पुन्हा आले नाहीत. मी हिरवागार होऊन पुन्हा ओटीवर आलो आहे. रोज दुपारी धोंडुबाई माझ्याजवळ येऊन बसते आणि विचारते, "आलं व्हतं का रं?" मला 'नाही' असं सांगता येत नाही. खाडीवरून वाऱ्याची झुळूक येते, माझी पानं हलू लागतात आणि तो होकार समजून ती आशेने वर बघते. म्हणून तिने विचारलं की, मित्रांनो, मी माझी सगळी पानं घट्ट धरून ठेवतो.