एकेकीचं वाचन

नजमुन्निसा कळमनुरीच्या मुलींच्या शाळेत रुजू झाली तेव्हा नीलाबाईंनी तिला बसा म्हटलं नाही. सन चव्वेचाळीसचा जून संपत आला होता. नीलाबाई त्या शाळेत अकरा वर्षं होत्या. लग्नाच्या पहिल्याच वर्षात नवरा गेला, म्हणून भावानं शिकवून त्यांना नोकरीला लावलं, आणि तेव्हापासून शाळेच्या दोन खोल्या, पाण्याचा रांजण, हजेरीची वही, सगळं त्यांच्या हाताखालचं होतं. नव्या बाईला त्यांनी दुसरीचा वर्ग दिला.

"माझ्याकडून शिकून आलेल्या पोरी हायेत," त्या म्हणाल्या. "तुला फक्त राखायच्या हायेत."

नजमुन्निसा चोवीस वर्षांची होती, कुरुंदा गावची. तिचे वडील गुलाम नबी हळदीचा व्यापार करत. घरात दखनी उर्दू बोलत आणि ओट्यावर गिऱ्हाइकाशी मराठी, त्यामुळं तिला दोन्ही भाषा सारख्याच जवळच्या होत्या, आणि उर्दूबरोबर मराठीचीही परीक्षा तिनं दिली होती. पण ते नीलाबाईंच्या गळी उतरलं नाही. निजामाच्या राज्यात मराठी शाळेला कोणी विचारत नाही, आणि आता मराठी शिकवायलाही यांचीच माणसं, असं त्या शेजारणींजवळ बोलल्या. कळमनुरी ते केवढंसं, दोन दिवसांत ते नजमुन्निसाच्या कानावर आलं.

पहिल्याच दिवशी तिनं वर्गाला वाचायला सांगितलं. तेवीस मुलींनी पुस्तकं उघडली आणि एका सुरात धडा सुरू केला. एकही अडखळली नाही. सगळ्यांत खणखणीत आवाज आशाबाईचा होता. ही उत्तमराव देशमुखांची लेक, नऊ वर्षांची. दर तपासणीला तिलाच पुढं उभं करायचे. नजमुन्निसा तिच्यामागून फिरत गेली आणि थांबली. आशा गाईचा धडा म्हणत होती. समोरचं पान आंब्याच्या झाडाचं होतं.

तिनं पान उलटून दिलं. आशा त्याच सुरात गाईचा धडा म्हणत राहिली.

त्या राज्यात शुक्रवारी सुट्टी असायची, म्हणून गुरुवारी शाळा अर्धाच दिवस भरे. पुढच्या गुरुवारी नजमुन्निसानं जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून आणले. त्यांवर तिनं पुस्तकात नसलेली वाक्यं लिहिली होती. धनी घरी नाही. भाऊ माळावर गेला. रस्त्यावर बकऱ्या उभ्या आहेत. अंगणातल्या लिंबाखाली ती बसली, एकेकीला बोलावलं आणि तुकडा हातात दिला. मुलगी वाचायला लागली की ती वहीत खुणा करायची. कुणी ध आणि घ मध्ये गोंधळते, कुणी भ चा म करते, कुणाला सुटी अक्षरं येतात पण काना-मात्रा लागली की पोरगी गप होते. कुणी पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द मनानंच म्हणते.

तेवीसपैकी सहा जणींना वाचता येत होतं. नऊ जणींना अक्षरं येत होती, जोडता येत नव्हती. आठ जणींना पुस्तक पाठ होतं, एवढंच. आशानं पुठ्ठ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "आपा, ह्यो धडा आमाला दिला नव्हता."

नजमुन्निसानं इथं एक मोठी चूक केली. तिला जे सापडलं होतं त्याच्या भरात, शनिवारी शाळा भरल्यावर तिनं वर्गासमोर वही उघडली आणि नावं वाचली. वाचता येणाऱ्या या बाजूला बसा, मात्रा शिकायच्या आहेत त्या मधे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या या तरटाच्या पट्टीवर. आशाचं नाव तिसऱ्या पट्टीत आलं. आशा उठली, पट्टीवर जाऊन बसली आणि तिनं पाटी परकराखाली घेतली. मागच्या वर्षी जिला ती हसत होती ती कोष्ट्याची पोरगी समोर पहिल्या पट्टीत बसली होती. कोणीतरी खुदकन हसलं.

नीलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

शाळा सुटल्यावर त्यांनी नजमुन्निसाला गाठलं. "अकरा वर्षं शिकवून राहिले मी," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "दर तपासणीला चांगला शेरा हाय. माझ्या शिकवण्याचा पंचनामा करती का तू? लेकरायच्या तोंडून?"

"पंचनामा न्हाई, बाई. कुणाला काय येतं ते कळल्याबिगर शिकवू काय?"

"मला येतं शिकवायचं. तुला न्हाई येत तर कुरुंद्याला जा, हळद ईक."

आशा दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही. चार दिवसांनी नीलाबाईच देशमुखांच्या घरी जाऊन आल्या. तुमच्या लेकीला वाचता येत नाही असं नव्या बाईनं गावासमोर सांगितलं, असं त्यांनी कानावर घातलं. ते खोटं नव्हतं, आणि तेच नजमुन्निसाला सगळ्यांत बोचलं.

ती स्वतः देशमुखांकडं गेली. उत्तमरावांनी तिला अंगणातच उभं ठेवलं. मराठी आमची आणि तपासणार तुम्ही, असं ते म्हणाले. आमच्या घरात पोथ्या आहेत, आमच्या पोरीला कोष्ट्याच्या पोरीखाली बसवता, हेही म्हणाले. नजमुन्निसानं सगळं ऐकून घेतलं. मग आशाशी दोन शब्द बोलू द्या, एवढंच मागितलं. आशा आईच्या, चतुराबाईच्या, मागं दारात उभी होती.

"तुझं नाव सगळ्यांसमोर घेतलं ही माझी चूक झाली," नजमुन्निसा तिला म्हणाली. "पुन्यांदा कुणाचंच घेणार न्हाई. पण तुला शिकवायचं माझं राहून गेलंय. ते मला करू दे."

उत्तमराव म्हणाले, तपासणीला कविता म्हणायला पोरगी लागते तुम्हाला, म्हणून आलात. नजमुन्निसा परत आली. वाटेत तिला स्वतःचाच एवढा राग आला होता की शाळेत आल्यावर तिनं वहीतलं ते पान फाडून टाकलं आणि नव्या पानावर नावांऐवजी नुसत्या खुणा लिहिल्या.

सोमवारी आशा आली. कोणी पाठवलं, की ती आपणहून आली, हे नजमुन्निसानं विचारलं नाही.

त्यानंतर पट्ट्या मोडल्या. सगळ्या एकत्रच बसत, पण दर गुरुवारी लिंबाखाली एकेकीला बोलावणं सुरू राहिलं. जिचं जिथं अडतं तिथूनच तिचं पुढच्या आठवड्याचं शिकवणं. आशाला सुटी अक्षरं महिनाभरात यायला लागली, मग तिची वाट काना-मात्रेपाशी अडली. नजमुन्निसानं तिच्यासाठी मात्रेचेच पुठ्ठे केले. मळा, माळा, मोळी. पोरगी हट्टी होती. दसऱ्यापर्यंत ती अडखळत का होईना, न पाहिलेलं वाक्य वाचू लागली. वाचताना तिचा तो खणखणीत आवाज गेला, बोट ठेवून ती पुटपुटायची, आणि नीलाबाई ते दारातून ऐकून म्हणायच्या, चांगल्या पोरीचा सत्यानाश केला.

दोघींचं बोलणं आता कामापुरतंही उरलं नव्हतं. नीलाबाई मुद्दाम आपल्या वर्गाची कविता गुरुवारी लावायच्या, तीही लिंबाकडच्या खिडकीत पोरी उभ्या करून. पन्नास तोंडांच्या त्या आवाजात लिंबाखालच्या मुलीला स्वतःचाच शब्द ऐकू येत नसे. नजमुन्निसा भिंतीच्या मागं सरकली. तिथं ऊन होतं. ती उन्हात बसली.

जानेवारीत तपासणी आली. मोहतमीमबाई, म्हणजे मुलींच्या शाळा तपासणाऱ्या बाई, बाहेरगावाहून बैलांच्या दमणीत बसून आल्या. त्यांना उर्दू येत होती, मराठी जेमतेम. गावातली चार मोठी माणसं खुर्च्यांवर बसली होती, त्यांत उत्तमराव होते. नीलाबाईंच्या वर्गानं तीन कविता म्हटल्या, एक स्वर इकडचा तिकडं झाला नाही. मोहतमीमबाईंनी मान डोलावली. मग दुसरीला कविता म्हणायला सांगितलं. पोरींनी एक म्हटली, दुसरी अर्ध्यावर विसरल्या. खुर्च्यांवर कुजबूज झाली.

मोहतमीमबाई नजमुन्निसाकडं वळल्या. या वर्गाविरुद्ध त्यांच्याकडं अर्ज आला होता, असं त्यांनी उर्दूत सांगितलं. कारकुनानं मतलब सांगितला होता. बाई शिकवत नाहीत, पोरींना झाडाखाली नेऊन वेळ घालवतात. आज ते दिसतंच आहे.

नजमुन्निसानं उर्दूतच उत्तर दिलं की पोरींना कविता कमी येतात हे खरं आहे. पण त्यांना वाचता येतं. बाईसाहेबांनी पुस्तकात नसलेलं काहीही द्यावं आणि कुणाही एकीला वाचायला लावावं.

मोहतमीमबाईंना ते उद्धटपणाचं वाटलं असावं. त्यांनी फाईल उघडली आणि तोच अर्ज काढला. हे तर कुणी पाठ केलेलं नसेल, असं त्या म्हणाल्या. गावच्या कुलकर्ण्यानं लिहिला असता तर अर्ज मोडीत असता आणि पोरींना एक अक्षर लागलं नसतं. हा अर्ज स्वच्छ बालबोध अक्षरात होता, शाळेच्या पुस्तकासारखा. त्यांनी पुढच्याच रांगेतल्या मुलीला बोलावलं. ती आशा होती.

आशानं कागद घेतला, बोट ठेवलं आणि वाचायला लागली. खोलीत तिचा आवाज फार लहान वाटत होता.

"अ-र्ज करतो की... मुलींच्या शाळेत नवीन आलेल्या बाई शिकवीत नाहीत." ती थांबली, पुढची ओळ धरली. "माझी मुलगी आशाबाई..."

तिनं वर पाहिलं. बाप समोर खुर्चीवर बसला होता. उत्तमराव खिडकीबाहेर बघत होते.

"वाच," मोहतमीमबाई म्हणाल्या.

"माझी मुलगी आशाबाई हुशार असून तिला सर्व पुस्तक मुखो... मुखोद... मुखोदत..." तिला जोडाक्षर सुटेना. तिनं बोट मागं नेलं आणि पुन्हा सुरुवात केली. "मुखोद..."

"मुखोद्गत," कोपऱ्यातून नीलाबाई म्हणाल्या.

अकरा वर्षांची सवय होती. लेकरू अडलं की शब्द पुरवायचा. बोलून गेल्यावर त्यांना कळलं. कागद त्यांच्यापासून दहा हातांवर होता आणि त्याची पाठ त्यांच्याकडं होती. मोहतमीमबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मराठी नीट येत नसली तरी एवढं त्यांना समजलं.

आशानं उरलेलं वाचून काढलं. "तिला वाचता येत नाही असे या बाईंनी सर्वांसमोर खोटे सांगितले." मग ती कागदावरून बोट न काढता म्हणाली, "खोटं न्हाई. तवा मला येत नव्हतं."

मोहतमीमबाईंनी नीलाबाईंना विचारलं, अर्ज तुम्ही लिहिलात का. नीलाबाईंनी खोटं सांगितलं नाही. "व्हय, मीच लिहिला," त्या म्हणाल्या. "सही देशमुखांची हाय. आन लिहिलं ते मला खरंच वाटतं."

शेरा दोघींनाही लागला. अर्ज दप्तरी जमा केला. दुसरीच्या मुली नवा मजकूर वाचतात, पण कविता कच्च्या आहेत, असं लिहिलं. शाळेतली भांडणं गावात नेल्याबद्दल नीलाबाईंना समज मिळाली. झाडाखालचं वाचन बंद करा असं मात्र कुठंही लिहिलं नव्हतं, आणि नजमुन्निसानं ते तीनदा वाचून खात्री करून घेतली.

उत्तमराव आधीच उठले होते. जाताना त्यांनी आशाला बरोबर नेलं. ती पुन्हा आली नाही.

आठ दिवस वाट पाहून नजमुन्निसा देशमुखांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. या वेळी उत्तमराव शांत होते.

"लेकरू का येत न्हाई, इतकंच विचारायला आले," ती म्हणाली.

"वाचायला आलं न तिला?" उत्तमराव म्हणाले. "तुमीच सगळ्यायला दाखवलं. मंग शाळेचं काम झालं."

अजून जोडाक्षरं राहिली आहेत, असं ती म्हणाली, आणि म्हणतानाच ते किती तोकडं आहे हे तिला कळलं. चतुराबाई दाराआड उभी होती, तिनं मान वर केली नाही. आशा दिसलीच नाही.

शाळेत आल्यावर नीलाबाई रांजणापाशी भेटल्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या आपणहून बोलल्या.

"तुझ्यामुळं माझी आशा शाळेतून गेली."

"व्हय," नजमुन्निसा म्हणाली. "आन तुमच्या अर्जामुळं."

नीलाबाईंनी भांडं रांजणावर उपडं टाकलं आणि आत गेल्या. पुढंही दोघी एकाच शाळेत राहिल्या. त्यांचं जमलं नाही. हजेरीची वही नीलाबाई तिच्या हातात देत नसत, टेबलावर ठेवत. सणाला एकमेकींच्या घरचं काही गेलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी नजमुन्निसा लिंबाखाली बसली होती. समोर एक मुलगी र्‍या पाशी अडली होती. नीलाबाईंच्या खिडकीत त्या दिवशी कविता लागली नाही. थोड्या वेळानं आतून एकाच पोरीचा आवाज आला, चाचरत, मधेच थांबत, एकेक अक्षर धरून. कुणी शब्द पुरवत नव्हतं. नजमुन्निसानं मान वळवली नाही. आतल्या बाईला ते खपलं नसतं. तिनं समोरच्या मुलीचं बोट पुन्हा त्या अक्षरावर ठेवलं आणि ती काय म्हणते ते ऐकू लागली.