दुखरं कोपर

ड्रॉइंग हॉलच्या दारापाशी थांबून त्याने कोपराचा पट्टा दातांनी ओढून घट्ट केला, चेहरा जरासा वाकडा केला आणि मगच आत पाऊल टाकलं. पट्टा ताईचा होता. याच्या कोपराला काहीही झालेलं नव्हतं.

झालं होतं ते एवढंच, की सुट्टीभर स्वारी लोळत पडली आणि इमारतीच्या नकाशाच्या तीन शीट कोऱ्याच राहिल्या. रेघा ओढून ओढून कोपर धरलं, असं त्याने सरांना सांगितलं. सरांनी विश्वास ठेवला, वर मुदतही वाढवून दिली. शेजारच्या बोर्डवर बसणारी मुलगी, जिला अख्खा वर्ग मुंगी म्हणायचा, म्हणाली, "तुझ्या शीट मी काढते. हात बरा होईपर्यंत काही करू नकोस." तो नको म्हणाला, एकदाच, तेही हळू आवाजात. तेव्हापासून त्याच्या भिंती, त्याचे जिने तिच्या हातून उभे राहत होते आणि आयत्या बिळावरचा हा नागोबा शेजारी बसून तिच्या पेन्सिलींना टोक काढून देत होता. लाज वाटायची, नाही असं नाही. पण ती सकाळी वाटायची आणि दुपारपर्यंत पचून जायची.

आज सर फळ्याकडे गेलेच नाहीत. टेबलाला टेकून उभे राहिले.

"याचा पट्टा रोज बघतोय मी," ते म्हणाले. "चूक माझी आहे. इतकं काम द्यायला नको होतं. आणखी कोणाकोणाचं कोपर दुखतंय? हात वर करा. मार्क कापणार नाही."

चोराच्या मनात चांदणं. एकही हात वर जाणार नाही आणि सगळे आपल्याकडेच बघणार, असं त्याला वाटलं. पण मागच्या रांगेत एक हात वर गेला. मग खिडकीपाशी दोन. मग कोणी कोणाची वाट बघेना. मुंगीचा हात कानापर्यंत आला आणि तिथेच अडला. तिने दुसऱ्या हाताने त्याला खालून आधार दिला.

"कधीपासून?" सरांनी तिला विचारलं.

"पंधराएक दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"याचं जास्त आहे ना, सर," त्याच्याकडे मान हलवत ती म्हणाली. "माझं काय, थोडंसंच."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ताच सांगून टाकावं, काय व्हायचं ते होऊ दे. तो अर्धवट उठलाही. स्टूल फरशीवर घासलं.

सरांनी लगेच तळहात पुढे केला.

"तू बस रे. तू नको हात वर करूस, दुखेल."

मुंगीने आपला हात खाली घेतला आणि त्याची बाही धरून त्याला हलकेच मागे ओढलं.

"हो, सर," तो म्हणाला आणि बसला.