माझा समास कोरा झाला तेव्हा

मित्रांनो, मी जुनी आहे हे मला ठाऊक आहे. ते सांगायला कोणी कॉलेजातून शिकून यायची गरज नव्हती. माझा लाल कापडी कणा उसवला आहे, आणि पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला आहे तो कितीही पुसला तरी जात नाही. पण जुनं वेगळं आणि निकामी वेगळं. ज्यांना हा फरक कळला नाही त्यांच्यावर माझा राग आहे. तो मी गोड बोलून झाकणार नाही.

मी लसीकरणाची नोंदवही. अकोल्याच्या एका छापखान्यात माझी दोनशे पानं शिवली गेली. प्रत्येक पानावर तेरा रकाने आखले आणि डाव्या हाताला दोन बोटं रुंद समास सोडला. मग मी हिवरखेडच्या पुढच्या एका आरोग्य उपकेंद्रात आले. तिथल्या ललिता सिस्टर पंधरा वर्षं चार गावांच्या पोरांना सुया टोचत आहेत. आवाज कडक, हात हलका.

आया सुईकडे बघत नाहीत, हे मी पहिल्याच बुधवारी पाहिलं. त्या माझ्याकडे बघतात. लिहिलं का, बरोबर ओळीत लिहिलं का, तारीख हीच का. एखादी तर मान वाकडी करून माझ्यातलं उलटं अक्षर वाचून घेते, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडतो. त्या नजरेला मी कधी दगा दिला नाही.

आता माझ्या समासाविषयी सांगते. रकाने वरच्या लोकांनी आखलेले. त्यात सिस्टर पेनाने लिहायच्या. समास मात्र त्यांचा स्वतःचा, आणि तिथे त्या पेन्सिलने लिहायच्या. आमच्याकडे मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळ इथे जन्मतं, एकदोन डोस इथे घेतं, मग आईबरोबर सासरी जातं. सणाला परत येतं, पुन्हा जातं. छापलेल्या रकान्यात यासाठी एकच शब्द बसतो: 'बाहेरगावी'. खरी गोष्ट समासात असायची. कोणत्या गावी गेलं, तिथे कोणता डोस झाला, कधी परत येणार, तिथल्या सिस्टरचा नंबर काय.

देवमन इंगळेंची लेक माया, तिची मुलगी अशीच. जुलैमध्ये इथे जन्मली. जन्माचा आणि दीड महिन्याचा डोस इथे झाला. त्यानंतर माया तिला घेऊन सासरी, धामणगाव रेल्वे या गावी गेली. अडीच महिन्यांचा, म्हणजे जन्माचा सोडून दुसरा, डोस तिकडे झाला, तो सिस्टरांनी फोनवर विचारून समासात टिपला. साडेतीन महिन्यांचा राहिला होता. दिवाळीला माहेरी आली की इथे द्यायचा, असंही लिहिलं. बाळाचं नाव अजून ठरलं नव्हतं. आजी एक म्हणायची, आत्या दुसरं. नावाच्या रकान्यात नुसतं 'मुलगी' होतं. माझं त्याने काही अडलं नाही.

मग ऑक्टोबरात ती तिघं आली. ईशान, श्रावणी आणि शुभम. अमरावतीच्या एका कॉलेजात संगणकाच्या शेवटच्या वर्षाला. शिकत असलेल्या विषयासाठी गट करून खरोखरच्या कामाची प्रणाली बांधायची होती, आणि त्यांनी मला निवडलं. म्हणजे मला हटवायचं काम निवडलं. माझ्यातल्या नोंदी संगणकात घालायच्या, आणि दर बुधवारी कोणत्या पोरांना बोलवायचं याची यादी त्यातून काढायची.

त्यांच्या चारुशीला मॅडमनी निघताना एक गोष्ट बजावली होती, हे मला पुढे श्रावणीच्या तोंडून कळलं. आधी तीन बुधवार नुसतं बसा. वही बघू नका, वही लिहिणाऱ्या बाईचा हात बघा. ईशानला ते वेळ घालवणं वाटलं. तो गटाचा म्होरक्या. घड्याळ बघत बोलायचा. तीन बुधवारांऐवजी त्याने छापील प्रश्नावली काढली. अकरा प्रश्न.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट घडून गेली होती, आणि ती त्या तिघांना माहीतच नव्हती. ते येण्याआधी उपकेंद्राला एक पत्र आलं. वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही, गोल शिक्का, आणि अमुक दिवशी तिघं जण नोंदी पाहायला येतील एवढंच. पोरं शिकायला येतात असं त्यात कुठे नव्हतं. शिक्का आला म्हणजे तपासणी आली, हे सिस्टरांना पंधरा वर्षांत पाठ झालेलं. मागे एकदा समासातल्या खरडण्यावरून त्यांना नोटीस मिळाली होती. आदल्या दुपारी त्यांनी खोडरबर घेतला, मला मांडीवर घेतलं, आणि पहिल्या पानापासून समास पुसत गेल्या. अधूनमधून थांबून एखादी ओळ मोठ्याने वाचायच्या, डोक्यात ठेवण्यासाठी. एकशे चाळीस पोरं, एक डोकं. रबराचा चुरा त्यांनी फुंकून टाकला. मी स्वच्छ झाले, आणि अर्धी मुकी.

दुसऱ्या दिवशी ईशानने त्या स्वच्छ पानांचे फोटो काढले. सिस्टर जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या, आणि तो उभ्यानेच प्रश्न विचारत होता. नोंद करताना काही अडचण येते का? नाही. रकाने पुरतात का? पुरतात. रकान्यांबाहेर काही लिहावं लागतं का?

"नाही बा," सिस्टर म्हणाल्या. "काहून लिहू?"

श्रावणी तेवढी माझ्यावर वाकून बघत होती. समासाचा कागद खरबरीत का, असं तिने विचारलंही. ईशान म्हणाला, कागदाचा पोत आपल्या विषयात येत नाही. अकरावा प्रश्न संपला आणि ती तिघं एसटीला पळाली. आपण कोण, कशाला आलो, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांना कोणी विचारलंही नाही.

महिन्याभराने ती प्रणाली घेऊन आली. श्रावणीने मोठ्या कागदावर चौकटी आणि बाण काढले होते, तो कागद भिंतीला लावला. 'नोंद झाली' या चौकटीतून बाण 'डोस दिला'कडे. एक बाण 'बाहेरगावी'कडे. त्या चौकटीतून बाहेर पडणारा बाण एकही नव्हता. शुभमने त्याबरहुकूम प्रोग्राम लिहिला होता: बाहेरगावी म्हटलं की नाव यादीतून कायमचं बाद. त्याचं काम चोख होतं. चूक इतकी चोख झाली याचाच मला जास्त संताप आहे.

चाचणीचा बुधवार दिवाळीनंतरचा. मला कपाटात बंद केलं आणि छापील यादी टेबलावर ठेवली. कपाटाचं दार नीट लागत नाही, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं. गावात घरोघर फिरणाऱ्या आशाताईने यादीतल्या घरांना निरोप दिले होते. अठरा नावं, अठरा पोरं आली, अठरांना डोस झाले. ईशान फोटो काढत होता. अठरापैकी अठरा, असं त्याने दोनदा म्हटलं. शुक्रवारी मॅडमपुढे सादरीकरण होतं.

तेवढ्यात माया दारात उभी राहिली, मुलगी कडेवर. भाऊबीजेला माहेरी आलेली, उद्या परत धामणगावला निघायची. तिला कोणी बोलावलं नव्हतं. शेजारच्या बाया पोरं घेऊन जाताना दिसल्या म्हणून ती मागोमाग आली. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. माहेरच्या घराच्या भिंतीपलीकडे, शेजारच्या गंगूबाईच्या नातवाला पंधरा दिवसांपासून डांग्या खोकला झाला होता, आणि ती ढास तिच्या पाळण्यापर्यंत ऐकू यायची.

"सगळ्यायच्या पोरायले बलावलं. माह्याच पोरीले काहून नाही?"

"ताई, यादीत नाव नाही तुमचं," ईशान म्हणाला.

"यादीत नाही मंजे पोरगी नाही काय? मंग हे कडेवर काय हाय, गाठोडं?"

सिस्टरांनी तिला आत घेतलं आणि कार्ड मागितलं. कार्ड धामणगावला, सासूच्या कपाटात. सिस्टर चिडल्या, माया त्यांच्याहून चिडली; तुमी इचारसान असं मले काय सपन पडलं होतं, म्हणाली. तिने नवऱ्याला, धर्मेंद्रला, फोन लावला. तो बाजार समितीत मापावर होता, उचलत नव्हता. सासूकडे फोनच नाही.

मग सिस्टरांनी मला बाहेर काढलं. पान सापडलं. शाईत दोन तारखा, पुढे 'बाहेरगावी', आणि समास कोरा. सिस्टरांचं बोट त्या कोऱ्या जागेवर थांबलं. तिकडे एक सुई टोचली एवढंच मायाला आठवत होतं; तोच डोस झाला की नाही? झाला तर कधी? मध्ये महिना तरी जायला हवा, आणि या गावची पुढची पाळी महिन्याने. आज नाही तर मुलगी उद्या पुन्हा धामणगावला, आणि तिथले म्हणणार, नाव माहेरी आहे, माहेरीच घ्या. या दोन गावांच्या मध्ये एका लेकराचा डोस पडून राहणार होता, आणि भिंतीपलीकडे तोच खोकला, ज्यासाठी हा डोस असतो.

"इथं लिवलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "मीच पुसलं."

"का?" ईशानने विचारलं.

"तुमी येनार म्हनून. शिक्क्याचं पत्र आल्यावर मानूस काय करते? साफसफाई करते."

ईशानचा चेहरा मात्र मोकळा झाला. मला तेच सहन झालं नाही. मग आमची चूक नाही, तो म्हणाला. चुकीची माहिती दिली तर यादी चुकीचीच येणार. मला तोंड असतं तर त्या घटकेला मी त्याला काय म्हणाले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही. श्रावणी म्हणाली ते असं:

"ईशान, अकरा प्रश्न विचारलेस. आपण कोण ते सांगितलंस का?"

 तिने मला उचललं, खिडकीपाशी नेलं आणि पान तिरपं धरलं. मित्रांनो, ललिता सिस्टर पेन्सिल दाबून लिहितात. शिसं गेलं होतं, पण दाब माझ्या अंगात राहिला होता. ऊन आडवं पडताच कागदावर खोलगट अक्षरं दिसायला लागली. श्रावणी एकेक वाचत गेली, शुभम लिहीत गेला. 'धामण. दुसरा झाला.' तारीख पुसट होती. त्याखाली नंबर, शेवटचा आकडा तीन की आठ ते कळेना. तीन धरून फोन लावला, तर कोणी दुसराच माणूस बोलला. आठला धामणगावच्या सिस्टरांनी फोन उचलला, त्यांची वही काढली आणि तारीख सांगितली. त्याला महिन्याहून जास्त काळ झाला होता.

डोस झाला. मुलगी किंचाळली, मायाने तिला खांद्यावर घेतलं आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. सिस्टर पेन्सिल शोधत होत्या.

"पेनानं लिवा," माया म्हणाली. "कोनीबी येवो."

सिस्टरांनी माझ्या समासात पहिल्यांदा शाईने लिहिलं. मुलीचं नाव विचारलं. ते त्याच आठवड्यात ठरलं होतं. सम्यका.

शुक्रवारचं श्रावणीने नंतर सांगितलं. ईशानने अठरापैकी अठरा असं मोठ्या अक्षरांत दाखवलं. श्रावणीने सगळ्यांसमोर एकोणिसावी सांगितली. चारुशीला मॅडमनी एवढंच विचारलं, यादीत नसलेली पोरं किती आहेत ते तुम्ही मोजलं का. मोजलं नव्हतं. सादरीकरण पुढे ढकललं गेलं आणि तीन बुधवार बसायला सांगितलं. ती तिघं बसली. शुभम मुकाट्याने. ईशान दोन बाकं सोडून. श्रावणीशी तो अजून कामापुरतंच बोलतो. तिने गटाला तोंडघशी पाडलं, असं त्याचं म्हणणं आहे. पण दुसऱ्या बुधवारी त्यानेच सिस्टरांना विचारलं, की बाहेरगावी गेलेली पोरं बहुधा कोणत्या सणांना परत येतात. मी ते ऐकलं. माझा राग तेवढ्याने जाणार नाही.

भिंतीवरच्या कागदात आता 'बाहेरगावी'तून एक बाण परत फिरतो. मी पुन्हा टेबलावर आहे. माझी पानं संपत आली आहेत. उन्हाळ्यात माझी रवानगी गठ्ठ्यांच्या खोलीत होईल आणि माझ्या जागी संगणक येईल. येऊ द्या. मला सांभाळून ठेवा असं मी म्हणणार नाही, मला कोणाची दया नको. पण मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे होऊन कोणाच्या तरी कामासाठी नवं काही बांधाल. तेव्हा जुन्याचे नुसते फोटो काढून पळू नका. आधी आपलं नाव सांगा, काम सांगा, आणि समोरच्याची भीती जाईपर्यंत बसा. भ्यालेला माणूस तुम्हाला स्वच्छ वही दाखवतो, आणि स्वच्छ वहीवर बांधलेलं काम लेकरांच्या जिवावर येतं.

सम्यका सध्या धामणगावला आहे. नऊ महिन्यांचा डोस एप्रिलमध्ये यायचा. तेव्हा ती इथे असेल की तिथे, हे मला माहीत नाही, तिच्या आईलाही नाही. तो रकाना मी रिकामा धरून बसले आहे. माझ्यानंतर जे कोणी येईल, त्याने तो बंद करू नये.