सोळा पानं, तीन घड्या

मुलांच्या पुस्तकात राक्षस चालतो, शेळीची पिल्लं गिळणारा लांडगा चालतो, पोरीला उपाशी ठेवणारी सावत्र आई चालते. कचरा चालत नाही. दादरच्या एका प्रकाशकाने रत्नप्रभाला हे सांगितलं, तेही साधं 'बसा' न म्हणता.

रत्नप्रभा महापालिकेची सफाई कामगार. नवरा गेला आणि त्याच्या जागी ती लागली. घाटकोपरचे तेच रस्ते तिच्या वाट्याला आले. पोरगी श्रुतिका तेव्हा चार वर्षांची. एक दिवस पोरीने विचारलं, मम्मी, कचऱ्याची गाडी कुठे जाते? लोक अशा वेळी पोरांना काहीबाही सांगून गप्प करतात. रत्नप्रभाने खरं ते सांगितलं. गाडी कांजूरमार्गला जाते. तिथे आपण सगळ्यांनी मिळून रचलेला डोंगर आहे. डोंगरावर घारी फिरतात, पलीकडे खाडी आहे आणि थंडीत त्या चिखलात गुलाबी फ्लेमिंगो एका पायावर उभे राहतात. पोरीने रोज नवीन प्रश्न काढला आणि रोज गोष्ट वाढत गेली. शेवटी रत्नप्रभाने ती शंभरपानी वहीत उतरवली. चित्रं काढता येत नव्हती, म्हणून रस्त्यात सापडलेले चांगले कागद पुसून, कापून चिकटवले. खाकी पाकिटांच्या घारी, दुधाच्या निळ्या पिशव्यांची खाडी, लग्नपत्रिकेचे फ्लेमिंगो.

प्रकाशकाला चित्रं आवडली. फक्त डोंगराच्या जागी बाग करा म्हणाला, आणि शेवटी स्वच्छतेचं तात्पर्य टाका.

"साहेब, तुमच्या घरचा कचरा बागेत जातो का?" एवढं विचारून तिने वही उचलली आणि जिना उतरली. उतरतानाच ठरलं, पुस्तक आपणच काढायचं. त्या वर्षीचा दिवाळीचा बोनस त्यात गेला. घरात नवा पडदासुद्धा आला नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण पुस्तक येणार होतं.

पण मधल्या काळात पोरगी तिसरीत गेली. एकदा रत्नप्रभा ड्युटीवरून तशीच, नारिंगी जॅकेटमध्ये, शाळेच्या गेटवर उभी राहिली, तर वर्गातल्या दोन-तीन पोरांनी नाक धरलं. त्या दिवसापासून श्रुतिका रस्त्यात तिच्या चार पावलं पुढे चालायची. आता शनिवारी वर्गात पालकांनी गोष्ट वाचायची होती. बाईंनी वर्गातल्या रियाच्या मम्मीच्या पाठोपाठ रत्नप्रभाचं नाव लिहून टाकलं होतं. श्रुतिकाने जेवताना, ताटाकडे बघत, तू नको येऊस म्हणून सांगितलं.

रत्नप्रभाने तिला भात वाढला. तिला वाटत होतं, पुस्तक दुकानातल्यासारखं झालं तर पोरगी ते आपल्या हातातून घेईल. आणि फसलं, तर आयुष्यभर चार पावलं पुढेच चालेल.

शुक्रवारी दुपारी ती पोरीला घेऊन, पुस्तक छापायला दिलं होतं त्या चंद्रप्रकाशच्या छापखान्यात गेली. छापखाना म्हणजे कारखान्यांच्या गल्लीतला एक गाळा. आत शाईचा वास, मशीनची धडधड, आणि टेबलावर छापून आलेले मोठाले कागद, चादरीएवढे, एकेका बाजूला आठ पानं. रत्नप्रभाने वरचा कागद बघितला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

गाडी सुटते ते चौथं पान तेराव्याला चिकटलेलं. शेवटचं सोळावं पान पहिल्याच्या शेजारी. आणि वरची ओळ अख्खी उलटी. घारी पाठीवर पडलेल्या, फ्लेमिंगोंचे पाय आकाशात.

तिने चंद्रप्रकाशला असं काही धारेवर धरलं, की मशीनवरच्या माणसाने मशीन थांबवलं. बाई बघून काहीही छापायचं का, हे तिने विचारलं. शिकलेल्या माणसाचं पुस्तक असतं तर असं उलटं लावलं असतं का, हेही विचारलं. चंद्रप्रकाश सज्जन माणूस, पण त्याला बोलायचं कळत नव्हतं.

"ताई, ते तसंच असतं," तो म्हणाला.

हे वाक्य रत्नप्रभाने जन्मभर ऐकलं होतं. हातमोजे आले नाहीत, तसंच असतं. नवरा खोकून खोकून गेला, तसंच असतं. आता तिचा आवाज गल्लीत पोचला. श्रुतिका दाराशी सरकून उभी राहिली, आपण या बाईच्या बरोबर नाहीच अशी.

कोपऱ्यात जमिनीवर चंपाआजी बसली होती. मूळची मालवणची. गिरणी बंद पडून नवरा घरी बसला तेव्हापासून ती बाइंडिंगच्या कामाला. बोटं सालपटासारखी झालेली. तिने रत्नप्रभाकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीला बोलावलं.

"हय ये गो बाय. बेरीज येता मां तुका? ह्यो कागद बघ. शेजारशेजारच्या दोन पानांचे आकडे मिळव."

श्रुतिका कागदावर ओणवी झाली. चार आणि तेरा. सोळा आणि एक. मग मान वाकडी करून उलटी ओळ. पाच आणि बारा. नऊ आणि आठ. तिने कागद पालटला. दोन आणि पंधरा, चौदा आणि तीन. सात आणि दहा, अकरा आणि सहा.

"सतरा," ती म्हणाली. मग परत पहिल्यापासून मोजून, जरा घाबरल्यासारखी, "मम्मी, सगळीकडे सतराच येतायत."

रत्नप्रभाचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. ती टेबलाला वळसा घालून आली. तिनेही मोजलं. एकदा कागदावर, एकदा बोटांवर. जो कागद तिला कुणीतरी दारू पिऊन लावलेला वाटला होता, त्यात एकही आकडा आपल्या मनाने बसलेला नव्हता.

"कित्याक सतरा?" चंपाआजी म्हणाली. "ता माका ठाऊक नाय. चाळीस वर्सां घडये घालतंय, अजून मजा वाटता."

तिने कागद समोर ओढला. उजवी बाजू डावीवर आणली, लाकडी पट्टीने करकचून दाबली. एक. वरची बाजू खाली, दोन. उलट्या घारी या घडीला गुपचूप सुलट्या झाल्या. पुन्हा उजवीकडून, तीन. चादरीएवढा कागद वहीएवढा झाला. कडा अजून जोडलेल्या होत्या, पुस्तक मांजराच्या पिल्लासारखं डोळे मिटून होतं. आजीने सुरी घेऊन ते तीन बाजूंनी उघडलं आणि श्रुतिकाच्या हातात दिलं.

पहिलं पान. दुसरं. तिसरं. चौथ्यावर गाडी सुटली. तेराव्यावर डोंगर आला. सोळाव्यावर घारी झोपल्या. श्रुतिका जीभ दाताखाली धरून एकेक पान उलटत होती, पुढचा आकडा चुकेल म्हणून वाट बघत. चुकला नाही.

रत्नप्रभा तिथेच ओट्यावर टेकली. देवबिव ती मानत नव्हती. हे कुणा माणसाने डोकं लावून काढलं होतं. शाईने माखलेल्या कुठल्या तरी कामगाराने, शंभर वर्षांपूर्वी की पाचशे, कोण जाणे. त्याचं नाव कुठल्या पुस्तकावर नसणार. जगातलं प्रत्येक पुस्तक, त्या दादरवाल्याचंसुद्धा, आधी असंच डोकं खाली पाय वर करून येतं आणि मग कुणातरी चंपाच्या बोटांतून सरळ होतं. तिला वाटलं, आपण इतकी वर्षं पुस्तकं हातात धरली आणि हे कुणी सांगितलं नाही. चंद्रप्रकाशला ती चुकले म्हणाली. तो म्हणाला, चहा घ्या.

श्रुतिकाने पुस्तक मिटलं. मग तिने चंपाआजीला घडी न घातलेला एक कागद मागितला. कशाला, तर उद्या वर्गात सगळ्यांसमोर ती स्वतः घडी घालणार होती.

"आणि वाचणार कोण?" रत्नप्रभाने विचारलं. विचारताना ती चहाच्या ग्लासाकडे बघत होती.

"तू."

"मी ड्युटीवरनं येणार. जॅकेटमध्येच."

श्रुतिकाने जरा विचार केला. नाक खाजवलं.

"ये ना मग. गाडी कुठे जाते ते तुलाच माहितीय. रियाच्या मम्मीला कुठे माहितीय?"

रत्नप्रभाने मान डोलावली. काहीतरी करायला हवं म्हणून तिने समोरचा कागद ओढला आणि घडी घालायला गेली. आधी वरची बाजू खाली आणली. सातवं पान दुसऱ्यावर जाऊन बसलं.

"तशी नाही गं," पोरगी तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. "आधी उजवीकडून. दे इकडे."