रेघेबाहेर बोटभर

गाडी त्यांच्याकडे नव्हतीच, म्हणून गॅरेजात बाबांचं शिवणकाम चालायचं. एका भिंतीशी कापडाचे तागे, मधोमध कापायचं टेबल, आतल्या कोपऱ्यात मशीन. जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. उरली होती ती फक्त डोक्यावरची. म्हणून कयाक डोक्यावर गेली.

कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, मुलीची. मुलीला सगळे वावटळ म्हणत, कारण ती घरात शिरली की आधी दार आपटायचं आणि मग ती दिसायची. गेल्या वर्षापर्यंत ती गुडघाभर पाण्यातही "बाबाऽ" म्हणून ओरडायची. यंदा पोहायला काय शिकली, वल्हं काय हातात घेतलं, तलावावरच्या शर्यतीत दुसरी आली! आणि तिथल्या क्लबाने आपली एक जुनी नारिंगी कयाक तिला देऊनच टाकली. सत्तावीस किलोचं ते धूड दारात पाहून बाबा म्हणाले होते, "ही मगर घरात राहणार कुठे?"

"छताला टांगू."

"आणि टांगणार कोण?"

"मी! दुसरं कोण?"

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं. पण माझ्या कामाला एकदा जरी त्रास झाला, तरी ही मगर परत क्लबात. चालेल?"

"धावेल," वावटळ म्हणाली.

रविवारी काम झालं. छताला खालून पांढरे तक्ते ठोकलेले होते आणि त्यांच्या वर लाकडी तुळया. तक्ता पोकळ, सगळा भार पेलायचा तो तुळईने. बाबा स्टुलावर चढले, कातरीच्या मुठीने टकटक करत त्यांनी दोन तुळया शोधल्या आणि दोन्हींच्या बरोबर मध्यावरून निळ्या खडूने रेघा ओढल्या. तेवढ्यात कुणीतरी कोटाचं माप द्यायला आलं. "खुणा केल्यात, भोकं पाड," असं म्हणत ते बाहेर गेले. वावटळीने ड्रिल उचललं. चार भोकं, चार हूक, दोन जाड पट्टे. संध्याकाळी दोघांनी मिळून कयाक पट्ट्यांत सरकवली. मग तिने आईला, शेजारच्या काकूंना, दुधवाल्याला, एकूण एकाला ओढून आणून दाखवलं. "एकटीने केलंय हं मी! बाबांनी नुसत्या रेघा मारल्या."

मंगळवारी शाळेतून येऊन ती दप्तर टाकतेय, तर बाबा काळ्या कोटावर फुंकर मारत बसलेले.

"हा पांढरा भुगा कुठून येतो गं?"

"भिंतीचा असेल," ती पटकन म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिची नजर वर गेली, कारण भुगा कोटावर वरून पडल्यासारखा पसरला होता.

बाबा चहाला आत गेल्यावर ती स्टुलावर चढली. आधी तिला सगळं ठीकच दिसलं. मग निळी रेघ दिसली. हूक रेघेवर नव्हता, रेघेपासून बोटभर बाहेर होता. दुसराही बोटभर बाहेर. पुढच्या तुळईवरचे दोन्हीही तसेच. अगदी मापून घेतल्यासारखे.

तिला कळलं. कळायला वेळही लागला नाही. शिंप्याची लेक ती. नवव्या वर्षी हातात कातर आली तेव्हापासून एकच धडा गिरवलेला: रेघेवर कधी कापायचं नाही, रेघेबाहेर बोटभर माया सोडायची, नाहीतर शिवणीत कपडा आखडतो. हाताने रविवारीही तेच केलं. डोक्याला विचारलंच नाही. आणि तुळई होती मोजून दोन बोटं रुंद. म्हणजे स्क्रू लाकडाच्या अगदी कडेला लागले होते, अर्धे लाकडात, अर्धे हवेत. मशीनच्या वरच्या हुकाशी तक्त्याचं भोक रुंदावलं होतं, आत लाकडाची कड चिरलेली दिसत होती आणि हूक तक्त्यापासून नखभर खाली आला होता.

त्या हुकाच्या बरोबर खाली बाबांची खुर्ची.

सांगून टाकायचं. एवढंच तर होतं. ती स्टुलावरून उतरली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, आणि आतून बाबांचा आवाज आला. ते आईला सांगत होते, "पोरगी हुशार निघाली हो. मला वाटलं नव्हतं, पण मगर टांगली बुवा छान." वावटळ दारातूनच परत फिरली. शनिवारी बाबा कापड आणायला जातील तेव्हा गुपचूप चारी हूक काढून नीट बसवू, तिने मनाशी ठरवलं. दोन दिवस झालेत, अजून चार निघतील. न निघायला काय झालं?

टांगती तलवार तिने पुस्तकात वाचली होती. टांगत्या होडीबद्दल कुणीच काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

बुधवारी ती सकाळीच बाबांच्या मागे लागली. "बाबा, मशीन खिडकीपाशी घ्या ना. उजेड चांगला येतो."

"वीस वर्षं इथेच बसतोय. उजेडाला ठाऊक आहे माझा पत्ता."

"मग खुर्ची तरी जरा मागे..."

"अगं, मागे काय भिंतीत बसू?"

शाळेत गणिताच्या तासाला शेजारच्या वर्गात बाक पडला आणि ती ताडकन उभीच राहिली. सगळा वर्ग हसला. तीही हसली, पण परत बसताना एकदा छताकडे बघून घेतलं. त्या दिवशी ती धावत घरी आली. फाटकाशी पोचली, मशीनची घरघर ऐकू आली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. पुढच्या क्षणी वाटलं, चालू आहे तेच वाईट. मशीन चाललं की टेबल थरथरतं, टेबल थरथरलं की भिंत, आणि भिंतीवर छत. ती आत शिरली आणि दार आपटलं नाही. हळूच लावलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"बरं वाटत नाही का गं?" बाबांनी विचारलं.

"वाटतंय की."

गुरुवारी ती आली तेव्हा बाबा कोटाची बाही जोडत होते. मान खाली, पाय पेडलवर, मशीन भरधाव. तिने वर पाहिलं. हूक आता नखभर नव्हता, अंगठाभर खाली होता. ती पाहत असतानाच तो आणखी सरकला. आवाज नाही, काही नाही. नुसता सरकला, हिरडीतून दात सुटावा तसा.

तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि कयाकच्या बुडाला दोन्ही तळहात लावले. भार थेट खांद्यात उतरला.

"बाबा, उठा."

"एवढी शिवण होऊ दे."

"बाबा, उठा ना!"

"बाहीची शिवण मध्येच सोडत नाहीत, माहितीये ना तुला? आलोच."

भुग्याची बारीक धार बाबांच्या केसांवर पडत होती आणि त्यांना पत्ताही नव्हता. तिचे दंड लटपटायला लागले. तिला कळून चुकलं की "उठा" म्हणून बाबा उठणार नाहीत. का उठायचं ते सांगावं लागेल.

"बाबा, भोकं मी चुकीच्या जागी पाडलीत! रेघेबाहेर पाडलीत. ही पडतेय, तुमच्या डोक्यावर पडतेय!"

मशीन थांबलं. बाबांनी वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कोटाच्या अस्तरासारखा फिका झाला. ते खुर्चीतून उठले. पण दाराकडे पळायचं सोडून तिच्याकडेच यायला लागले, हात वर करून.

"तुम्ही बाहेर व्हा!"

"तू उतर आधी. मी धरतो."

"मी सोडली तर ती पडेल!"

"पडू दे! उतर म्हणतो ना!" बाबा असे कधी ओरडत नसत. त्यांनी तिच्या कमरेला मिठी घातली आणि तिला स्टुलासकट मागे खेचलं. दोघं ताग्यांवर कोसळले. त्याच वेळी वरून कड् असा आवाज आला, आणि कयाकचं मागचं टोक खाली आलं ते खुर्चीवर. खुर्चीची पाठ मोडली. मशीनचं चाक उगाचच दोन वेढे फिरलं आणि थांबलं.

पुढचा पट्टा अजून शाबूत होता. नाक वर, शेपूट मोडक्या खुर्चीत, अशी ती नारिंगी कयाक तिरकी लटकत राहिली.

बाबा तिचे हात उलटेपालटे करून बघत होते, बोटं मोजल्यासारखी.

"लागलं नाही ना?"

"नाही." आणि मग उरलेलंही तोंडातून बाहेर आलंच. "बाबा, तो भुगा... भिंतीचा नव्हता. मला परवाच कळलं होतं."

"परवा?"

"मंगळवारी. शनिवारी गुपचूप दुरुस्त करणार होते मी."

बाबांनी मोडक्या खुर्चीकडे पाहिलं. मंगळवार संध्याकाळ, अख्खा बुधवार, आजची दुपार, ते मनात मोजताहेत हे तिला दिसत होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मगाशी ओरडले तसे. पण ते नुसते बघत राहिले, आणि कयाक वरून खाली येताना वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटली.

शेवटी ते उठले. त्यांनी भिंतीशी उभी केलेली शिडी पुढच्या पट्ट्याखाली आणून लावली.

"पुढचे दोन हूक अजून वर आहेत. पट्टा सोडवायला हवा. शिडी धर."

"मी चढते. चूक माझी आहे."

"शिडी धर म्हटलं ना."

तिने धरली. दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून. बाबा एकेक पायरी चढले. पट्ट्याच्या बकलाला हात घालण्याआधी थांबले आणि खाली न बघता म्हणाले, "मगर आड येतेय, मला इथून हूक दिसत नाहीत. तुला दिसतात. काय दिसेल ते बोलत राहा. चांगलं असो, वाईट असो. फक्त गप्प राहू नकोस."

तिने मान वर केली.

"उजवा घट्ट आहे," ती म्हणाली. आवाज फाटला तरी म्हणाली. "डावा... डावा हलतोय, बाबा. थोडासाच. भुगा पडतोय. हात काढा तिथून. आता थांबला. थांबलाय, बाबा. नाही... पुन्हा हलला. घाई करू नका, मी बघतेय. मी बघतेय."