वेणी की अंबाडा

संग्रहालयाच्या तळघरात बसून एकवीस वर्षं एकाच राणीचं डोकं ओतणाऱ्या बाईला लोक राणीसाहेब म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? रबरी साच्यात प्लास्टर ओतायचं, बुडबुडे निघावेत म्हणून टेबलाला बुक्क्या मारायच्या, घट्ट झालं की डोकं अलगद सोडवायचं आणि कडा पॉलिशपेपरने घासायच्या. राणीच्या नाकाचा टवका कुठे उडालाय, डावा कान कुठे तुटलाय, हे राणीसाहेबांच्या अंगठ्याला डोळे मिटूनही ठाऊक होतं. ठाऊक नव्हती ती फक्त मागची बाजू. प्रतिकृती भिंतीवर टांगायची म्हणून मागून सपाट. पुस्तकांतले फोटोही झाडून सगळे समोरून. अडीच हजार वर्षांपूर्वी त्या बाईने वेणी घातली होती की अंबाडा बांधला होता, हे काही केल्या कळत नव्हतं.

आणि एवढं एक बघायला त्यांना राणीच्या देशात जायचं होतं. हसा खुशाल. लोक याहून फालतू कारणांसाठी लग्नं करतात.

सहा वर्षं त्या एका जाड वहीत बेत आखत होत्या. ऐन हंगाम टाळून जायचं. लांबचा प्रवास रात्रीच्या बसने, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचतो. वसतिगृहात एका खोलीत आठ खाटा, त्यातली वरची स्वस्त. गुडघे कुरकुरतील, तर कुरकुरू देत. सकाळी पाव आणि उकडलेली अंडी, दुपारी तेच, फक्त बाकावर बसून. तटबंदीचं जुनं शहर पायी. उद्ध्वस्त देवळं बाहेरूनच, कारण आत जायला तिकीट, आणि छप्पर तर कुठेच उरलेलं नाही, मग आत काय नि बाहेर काय! राणीचं मूळ डोकं होतं त्या संग्रहालयात मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट. त्या एका रविवारच्या आगेमागे त्यांनी सगळे एकवीस दिवस बसवले होते. पाठीवरच्या पिशवीच्या वजनाची सवय व्हावी म्हणून तळघराच्या जिन्यावरून प्लास्टरची पोती स्वतः वाहायच्या.

"एकट्या जाणार?" वहिनीने विचारलं होतं.

"सोबत कोण येतंय, वहिनी? तुम्ही येता?"

वहिनीने लगेच कुकरकडे लक्ष दिलं.

व्हिसासाठी वकिलातीला दोन पत्रं हवी होती, घरच्यांचं आणि कामाच्या ठिकाणचं, दोन्ही बंद पाकिटात. कार्यशाळेच्या साहेबांनी पाच मिनिटांत टाइप करून दिलं. दादाने मात्र दोन संध्याकाळी घेतल्या. हा थोरला भाऊ, राणीसाहेब त्याच्याच घरात मागच्या खोलीत राहायच्या. त्याने ठेवणीतलं पेन काढलं, तीन कागद फाडले आणि पाकीट चिकटवून बहिणीच्या हातात दिलं.

"असं लिहिलंय ना, की तिथले लोक उभे राहून सलाम ठोकतील. कुठे अडायलाच नको तुझं."

राणीसाहेबांनी पाकीट दोनदा पुसून वहीत जपून ठेवलं. दादाने त्यांच्यासाठी इतक्या मनापासून काही केल्याला फार वर्षं झाली होती.

वकिलातीतली मुलगी त्यांच्या भाचीच्या वयाची, बोलायला गोड. शिव्या घालाव्यात म्हटलं तर तीही सोय नाही. तिने आधी दादाचं पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं.

"'माझ्या धाकट्या बहिणीवर घरची कोणतीही जबाबदारी नाही. ती अविवाहित असून तिला मूलबाळ नाही. आईवडील हयात नाहीत. तिच्यावाचून आमचं काहीही अडत नाही. तरी तिला तिथे हवे तितके दिवस राहू द्यावं, आमची हरकत नाही.'"

मग दुसरं. "'नवीन यंत्र येत असल्यामुळे प्रतिकृती विभागात कामाचा ताण उरणार नाही. यांना कितीही दिवसांची रजा देता येईल.'"

यंत्राचं राणीसाहेबांना तिथेच कळलं.

मुलीने दोन्ही कागद नीट एकावर एक ठेवले. "मावशी, मग तुम्ही परत कशासाठी याल?"

"म्हणजे?"

"म्हणजे इथे तुमचं असं काय आहे? आम्हाला बघावं लागतं. काही लोक जातात आणि तिकडेच राहतात."

राणीसाहेबांनी तोंड उघडलं. घर आहे की माझं, म्हणणार होत्या, पण घर दादाचं. माणसं आहेत, म्हणणार होत्या, पण माणसांनी तर लेखी कळवलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "सोमवारी चाळीस राण्या ओतायच्या आहेत."

मुलीला ते कळलं नाही. तिने शिक्का उचलला. "परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज करा हं."

चोपन्नाव्या वर्षी परिस्थिती कोणत्या बाजूने बदलते, हे विचारायचं राहून गेलं. त्या बाहेर आल्या आणि बसथांब्यावर तीन बस सोडून दिल्या. रडूही येत नव्हतं. वहीतला रविवार तेवढा सारखा डोळ्यांपुढे येत होता.

घरी पोचल्या तर त्यांची खाट बोळात उभी करून ठेवलेली. मागच्या खोलीत वहिनी मोजपट्टी घेऊन ओणवी झाली होती आणि भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या.

"अगंबाई, वन्सं! इतक्या लवकर?" वहिनी गडबडली. "म्हटलं, तुम्ही महिनाभर नसाल, तेवढ्यात खोलीला रंग काढावा. कपाटंही करून घ्यावीत, किती दिवस राहून गेलंय."

दादा मागोमाग आत आला. "वाचलं का पत्र?"

"वाचलं. मोठ्याने."

"मग?"

"नाही म्हणाले."

दादाचा चेहरा पडला. तो खरोखरच संतापला. "अरे, पण एवढं स्वच्छ लिहिलं होतं! आणखी काय हवं होतं त्यांना? माझं अक्षर कळलं नसेल."

"अक्षराचं कौतुक केलं," राणीसाहेब खोटंच म्हणाल्या. त्याच्यावर रागावता येईना. त्याने लिहिलं ते प्रेमानेच लिहिलं होतं, हे त्यांना दिसत होतं, आणि तेच सोसवत नव्हतं.

त्यांची नजर पेन्सिलीच्या रेघांवर गेली. एक कपाट दारापासून कोपऱ्यापर्यंत, दुसरं समोरच्या भिंतीभर. मधे चालण्यापुरती वाट.

"दादा, मी परत आल्यावर खाट कुठे लावणार होतात?"

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादाने वहिनीकडे. दोघांनी काही लपवलं नव्हतं, मुद्दाम काही केलं नव्हतं. त्यांना ते सुचलंच नव्हतं.

"लावू की, त्यात काय," दादा म्हणाला. त्याने वहिनीच्या हातातली मोजपट्टी घेतली, गुडघ्यांवर बसला आणि खिडकीखालची जागा मोजली. मग उठून बोळातली खाट मोजून आला. पुन्हा खिडकीखाली बसला आणि पट्टी भिंतीला घट्ट दाबून, पहिल्यापासून मोजायला लागला.