बेनितोच्या नावाचं ताट

लूर्देसला जनाची नाही, मनाचीही राहिली नव्हती. सकाळी तिनं भिंतीवर बालमोरेसचं निवडणुकीचं पोस्टर चिकटवलं आणि पितरांसाठी भात वाढताना त्यांच्या पंगतीत बेनितोचंही ताट मांडलं. बालमोरेस गव्हर्नर असताना सैनिकांनी बेनितोला घरातून उचलून नेलं होतं. लूर्देसचा तो नवरा, पण फाउस्तिना म्हातारीचा एकुलता लेक. म्हातारीनं आजवर त्याला मेलेल्यांत बसू दिलं नव्हतं.

"नानांग, राष्ट्राध्यक्षपदाच्या तिन्ही उमेदवारांची कामं ताडून पाहिली मी," सासूला आईच्या नात्यानं हाक मारत सून म्हणाली. "तांदूळ स्वस्त करायची योजना एकट्या बालमोरेसकडे आहे."

"आणि माझ्या लेकाचं काय?"

"बालमोरेसवर सिद्ध कुठं काय झालंय?"

दारं-खिडक्या बंद होत्या, तरी बेनितोच्या ताटातली वाफ कुणी फुंकर घालावी तशी वाकली. म्हातारीनं ते पाहिलं आणि ती सुनेकडे वळली.

"काही झालंच नसेल तर ताट उचल, बाई. माझा लेक येऊन माझ्या हातचं जेवेल. आणि तो मेलाय म्हणतेस, तर मारणाऱ्याचं थोबाड भिंतीवरून उतरव. ह्या घरात दोघांतला एकच राहील."